वळ कुठे उठतो ते आधी पाहा : न काचणारी, अंगाला नीट बसणारी ब्रा निवडताना

संध्याकाळी घरी येऊन ब्रा काढली की छातीखाली, काखेजवळ आणि खांद्यांवर उठलेले लाल वळ दिसतात. बहुतेक जणी ते थोडे खाजवतात, वर पावडर लावतात आणि विसरून जातात. ब्रा म्हटली की ती काचणारच, हे आपण आई-मावशीकडून कुणी न सांगताच शिकलेलो असतो. मी बरीच वर्षे बायकांना शिवणकाम शिकवते. ब्लाउजची मापे घेताना असे काच कितीतरी जणींच्या अंगावर पाहिले आहेत, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, नवी ब्रा घ्यायला बाजारात जाण्याआधी जुन्या ब्राने अंगावर नेमके कुठे काय केले आहे हे आरशासमोर उभे राहून पाच मिनिटे पाहिले, तर दुकानात काय मागायचे ते बरेचसे तिथेच ठरते. लेबलवरचा आकडा चुकू शकतो आणि दुकानदाराचा अंदाजही चुकू शकतो; त्वचेवरची खूण मात्र जे घडले तेच दाखवते.

सोलापुरात याकडे लक्ष देण्याची गरज जरा जास्तच आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि मे महिन्यात ४३-४४ अंशांचेही कुणाला नवल वाटत नाही. हवा कोरडी असल्यामुळे कपाळावरचा आणि हातांवरचा घाम चटकन वाळतो, म्हणून आपल्याला फारसा घाम येतच नाही असा समज होतो. पण ब्राच्या पट्ट्याखाली आणि स्तनांखालच्या घडीत त्याला वाळायला वाराच मिळत नाही. तिथली त्वचा दिवसभर ओली आणि खारट राहते, आणि तिच्यावर इलॅस्टिक घासत राहते.

खुणा कशा वाचाव्यात

ब्रा काढल्याबरोबर दिसणारी फिकट रेघ, जी अर्ध्या तासात मोज्याच्या वळासारखी निघून जाते, तिची काळजी करू नये. वळ तासभर तसाच राहिला, तो हाताला उंच लागला किंवा तिथे दुखले, तर छातीभोवतीचा पट्टा घट्ट आहे असे समजावे. मात्र छातीखाली एक सरळ रेघ न दिसता दोन-तीन बोटे रुंदीचा भाग सोलवटल्यासारखा लाल झाला असेल, तर पट्टा बहुधा सैल आहे. हे अनेकींना पटत नाही. चप्पल घट्ट असली तर चावतेच, पण सैल असली तरी घासून फोड आणते. पट्ट्याचेही तसेच आहे. सैल पट्टा हालचालीबरोबर वरखाली सरकतो आणि दिवसभर त्याच जागी घासतो. अशा वेळी आणखी मोठ्या मापाची ब्रा घेतली की त्रास वाढतो, आणि नेमके तेच बहुतेक जणी करतात.

खांद्यांवर खोल खाच पडत असेल तर दोष खांद्यावरच्या पट्ट्यांचा आहे असे वाटते, म्हणून आपण जाड पट्ट्यांची ब्रा शोधतो. खरे म्हणजे स्तनांचे बरेचसे वजन छातीभोवतीच्या पट्ट्याने पेलायचे असते. तो सैल असला की पाठीवर वर चढतो, पुढचा भाग खाली येतो, आणि ते सावरण्यासाठी आपण खांद्याचे पट्टे आवळत जातो. अंगात ब्रा असताना आरशाकडे पाठ करून मान वळवून पाहावे. मागचा पट्टा समोरच्यापेक्षा वर चढलेला दिसला, तर खांद्यांवरच्या खाचेचे कारण तेच आहे.

काखेच्या पुढे, स्तनाच्या कडेला अर्धचंद्रासारखा वळ उठला असेल, तर कटोरी लहान पडते आहे. तारेची ब्रा असेल तर तार स्तनाच्या बाहेरून, बरगड्यांवर टेकायला हवी. ती स्तनावरच टेकत असेल तर रोज तेवढ्याच जागी रुतत राहते. कटोरीच्या वरच्या काठाशी मांस दोन भागांत उठून दिसत असेल, तर त्याचाही अर्थ हाच होतो.

आतापर्यंतच्या खुणा मापाच्या होत्या. यापुढच्या खुणा मापाच्या नाहीत, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पाठीवर बरोबर हुकांच्या जागी रुपयाएवढा खाजरा, कधी पाणी सुटणारा चट्टा असेल, तर तो बहुधा निकेल या धातूचा त्रास असतो. ज्यांना खोटे कानातले घातल्यावर कानाची पाळी चिघळते, किंवा जीन्सच्या बटणामुळे बेंबीखाली खाज सुटते, त्यांनी हुकांवर संशय घ्यायला हरकत नाही. ब्राचे कापड जिथे जिथे टेकते त्या सगळ्या भागावर बारीक पुरळ येत असेल, तर कापडाचा रंग, त्यावरची रासायनिक प्रक्रिया किंवा कपड्यात राहिलेला साबण यांचा विचार करावा. फक्त इलॅस्टिकच्या रेषेवर पुरळ असेल, तर रबर बनवताना वापरलेल्या रसायनांची ॲलर्जी असू शकते. स्तनांखालच्या घडीत ओलसर, चकचकीत लाल, आग होणारी त्वचा दिसत असेल आणि तिला वास येत असेल, तर घाम साचून तिथे बुरशी वाढलेली असण्याचा संभव मोठा असतो; आणि कडा उठावदार, मध्ये त्वचा थोडी निवळलेली असे गोल चट्टे असतील, तर ते गजकर्ण असू शकते. या शेवटच्या दोन गोष्टी नुसती ब्रा बदलून बऱ्या होत नाहीत.

माप घरीच घ्यावे

शिंप्याकडची टेप पुरेशी आहे, पण ती जुनी असेल तर एकदा लोखंडी पट्टीशी लावून पाहावी, कारण वापरून वापरून टेप ताणली जाते. माप सेंटीमीटरमध्येच घ्यावे असा माझा आग्रह आहे. त्याचे कारण असे की, आपल्याकडे लेबलवरचे ३२, ३४, ३६ हे आकडे इंचांसारखे दिसले तरी ते छातीखालच्या घेराचे इंच नसतात. छातीखालचा घेर साधारण ७० सेंटीमीटर असेल तर ३२, ७५ असेल तर ३४, ८० असेल तर ३६, ८५ असेल तर ३८ आणि ९० असेल तर ४०, असा तो हिशेब आहे. कित्येक लेबलांवर ३४बीच्या शेजारी बारीक अक्षरात ७५बी असेही छापलेले असते. त्यातला ७५ हा तुमच्या अंगाचा खरा आकडा. इंचात मोजणारे छातीखालच्या घेरात ४ किंवा ५ मिळवतात, काही तक्त्यांत काहीच मिळवत नाहीत, आणि या गोंधळात एकाच बाईला तीन ठिकाणी तीन मापे सांगितली जातात.

पहिले माप छातीखाली घ्यावे. ब्रा न घालता किंवा पातळ, पॅड नसलेली ब्रा घालून आरशासमोर उभे राहावे, श्वास सोडावा आणि टेप स्तनांच्या अगदी खाली, जमिनीला समांतर ठेवून अंगाला घट्ट बसेल इतकी ओढावी. टेप मागे वर चढत नाही ना, हे पाहायला दुसरे कुणी असेल तर बरे. दुसरे माप छातीच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून, टेप सैलसर ठेवून घ्यावे. स्तन भरलेले किंवा सैल झालेले असतील तर हे माप कमरेतून पुढे वाकून घेतलेले अधिक बरोबर येते, कारण उभे राहिल्यावर बराचसा भाग खाली दबलेला असतो आणि टेप त्याच्यावरून निघून जाते. या दोन मापांतला फरक १२ ते १४ सेंटीमीटर असेल तर ए, १४ ते १६ असेल तर बी, १६ ते १८ असेल तर सी आणि १८ ते २० असेल तर डी कटोरी लागते.

एक उदाहरण सांगते. वर्गातल्या एक वहिनी कित्येक वर्षे ३८बी घालत होत्या. खांद्यांवर काळ्या खाचा पडलेल्या होत्या, पट्टा पाठीवर वर चढत होता आणि छातीखालची त्वचा उन्हाळाभर सोललेली असे. टेप लावल्यावर छातीखाली ८१ सेंटीमीटर भरले आणि छातीवर १००. म्हणजे पट्टा ३६चा हवा, आणि १९ सेंटीमीटरचा फरक पाहता कटोरी डी हवी. “डी? मी काय एवढी जाड आहे का?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. हा समज फार रुजलेला आहे. डी म्हणजे मोठी बाई नव्हे. डी म्हणजे फक्त त्या दोन मापांतला फरक, आणि ३२डीची कटोरी ३८डीच्या कटोरीपेक्षा बरीच लहान असते. पट्ट्याचे माप एकाने कमी केले की कटोरी एकाने वाढवावी लागते. ३६ए, ३४बी आणि ३२सी या तिन्हींची कटोरी जवळजवळ सारखीच असते. दुकानात आपले माप मिळाले नाही तर शेजारचे कोणते चालेल, हे या हिशेबाने काढता येते. वहिनींना ३६डी सहज मिळाली नाही, तेव्हा तात्पुरती ३८सी घेऊन ती सर्वांत आतल्या हुकावर लावायला मी सांगितले. तेवढ्यानेही खांद्यांवरचा ताण कमी झाला. छातीखालची त्वचा मात्र ३६डी मिळाल्यावरच शांत झाली.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन भरतात आणि दुखतातही, म्हणून माप पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत घ्यावे. ज्यांच्यात हा फरक मोठा असतो त्यांनी त्या दिवसांसाठी बिनतारेची, थोडी सैल कटोरीची एक ब्रा वेगळी ठेवावी. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना आणि वजनात मोठा बदल झाल्यावर पुन्हा मोजावे. दोन स्तन सारखे नसणे अगदी सामान्य आहे. कटोरी मोठ्या बाजूच्या मापाची घ्यावी आणि लहान बाजूचा खांद्याचा पट्टा थोडा आवळावा.

दुकानात

नवी पेठेत किंवा मधल्या मारुतीच्या परिसरात जाऊन ब्रा घेणे हे अजूनही अनेकींना घाईने उरकायचे काम वाटते. काउंटरवर बहुधा पुरुष असतो, शेजारी दुसरी गिऱ्हाइके उभी असतात, “ताई, साईज?” असे विचारले की आपण दहा वर्षांपूर्वीचा आकडा हळू आवाजात सांगतो, आणि डबा न उघडताच पिशवी हातात घेतो. यात दुकानदाराचा दोष फारसा नाही; आपण सांगू तेच तो देतो. शक्यतो दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी जावे, बायका विक्रीला असलेले आणि घालून पाहायला खोली असलेले दुकान शोधावे, आणि माप कागदावर लिहून न्यावे. कागद पुढे केला की बोलण्याचा संकोच निम्मा कमी होतो.

घालून पाहायची सोय नसेल तर एकच नग घ्यावा, बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारावे, आणि घरी आत पातळ स्वच्छ बनियन घालून, लेबल न तोडता तो घालून पाहावा. घातलेली, धुतलेली ब्रा कुणी परत घेत नाही आणि ते रास्तच आहे. मी स्वतः एकदा एका सेलमध्ये स्वस्त मिळतात म्हणून एकाच मापाच्या सहा ब्रा एकदम घेतल्या होत्या. सहाही ब्रांचा पट्टा बसल्याबरोबर गुंडाळला जाई. त्या पुढे दोन वर्षे कपाटात पडून होत्या आणि शेवटी त्यांचे हूक तेवढे काढून वापरले.

नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर लावून पाहावी. धुऊन धुऊन इलॅस्टिक सैल होत जाते, तेव्हा आतले हूक उपयोगी पडतात. पहिल्याच दिवशी सर्वांत आतला हूक लावावा लागत असेल तर ती ब्रा घेऊ नये. हूक लावल्यावर किंचित पुढे वाकून, उजव्या हाताने डाव्या काखेजवळचा आणि डाव्या हाताने उजव्या काखेजवळचा भाग कटोरीत नीट ओढून घ्यावा. हे केल्यावर पुष्कळ जणींना कटोरी एक माप मोठी लागते, असे लक्षात येते. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, पण पट्टा मुठीने दूर ओढता येऊ नये. खांद्याच्या पट्ट्याखाली एक बोट जावे. तारेची असेल तर दोन कटोऱ्यांमधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला असावा.

त्यानंतरची कसोटी आपल्या रोजच्या कामाची. दोन्ही हात वर करावेत, पोळ्या लाटताना वाकतो तसे वाकावे, आणि खाली बसून पाहावे. विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास पुढे झुकून बसतात, गारमेंटमध्ये काम करणाऱ्या शिलाई मशीनवर वाकलेल्या असतात. उभे राहून उत्तम वाटणारी तारेची ब्रा अशा बैठकीत दहा मिनिटांत पोटाच्या वरच्या बाजूला रुतू लागते आणि अरुंद पट्टा गुंडाळून दोरीसारखा होतो. बसून काम करणारीने बिनतारेची, छातीखाली दोन ते तीन बोटे रुंद पट्टा असलेली आणि मागे निदान दोन, शक्य तर तीन हुकांची ब्रा घ्यावी, असे मी सांगेन.

कापड

१८७७ साली या गावात पहिली कापडगिरणी सुरू झाली, इथल्या चादरी आणि टॉवेल देशभर गेले, शाळांचे गणवेश आजही इथून शिवून जातात. आणि तरीही बिनपॅडची, सुती, डी कटोरीची ब्रा इथल्या दुकानात मागितली तर पॅडेडचेच डबे पुढे येतात, हे मला दर वेळी खटकते. फोमचे पॅड ऊब धरून ठेवतात आणि घाम बाहेर जाऊ देत नाहीत. लग्नकार्यात चार तास घालायला पॅडेड ब्रा ठीक आहे. मे महिन्यातल्या रोजच्या वापराला नाही.

रोजसाठी सुती होजिअरीचे, साधारण ९५ टक्के कॉटन आणि ५ टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा) असलेले कापड चांगले. अगदी शंभर टक्के सुती कापड ताणून परत मूळ जागी येत नाही, त्यामुळे पट्टा लवकर लोंबतो. सुती कापडाचा एक दोषही लक्षात घ्यावा: ते घाम शोषते, पण लवकर वाळत नाही. शारीरिक कष्टाचे काम असणाऱ्यांनी आणि व्यायाम करणाऱ्यांनी सुती ब्रा असली तरी ती दुपारी बदलावी, किंवा व्यायामापुरती घाम लवकर वाळणाऱ्या कापडाची ब्रा घालून नंतर लगेच काढावी. ब्रा उलटी करून आतल्या बाजूवरून बोट फिरवावे. इलॅस्टिक कापडाने झाकलेले आहे का, शिवण जाड आहे का, हुकांच्या मागे मऊ कापडाची पट्टी आहे का, जाळी किंवा लेस थेट अंगाला लागते का, हे बोटाला डोळ्यांपेक्षा आधी कळते. लेबल कात्रीने कापले तर त्याचे खुंट टोचतात. सुईने टाके उसवून ते पूर्ण काढावे.

निकेलचा त्रास असलेल्यांनी प्लॅस्टिकचे हूक असलेली किंवा हूक नसलेली, डोक्यावरून घालायची ब्रा घ्यावी. आवडत्या ब्राला धातूचे हूक असतील तर आतून मऊ सुती कापडाची दुहेरी पट्टी शिवून घ्यावी आणि खांद्याच्या पट्ट्यांवरच्या कड्यांखालीही तेच करावे. कापडाच्या रंगाचा त्रास वाटत असेल तर गडद निळ्या आणि काळ्या पॉलिस्टरऐवजी पांढरी किंवा फिकट सुती ब्रा वापरून पाहावी, कारण कृत्रिम धाग्यांवर वापरल्या जाणाऱ्या काही गडद रंगांची ॲलर्जी त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाची आहे. कोणतीही नवी ब्रा एक-दोनदा धुतल्याशिवाय घालू नये.

धुणे आणि वाळवणे

कापड आणि माप दोन्ही बरोबर असूनही खाज जात नसेल, तर मी धुण्याकडे बोट दाखवते. आपल्याकडे पुष्कळ भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे कपडे एकाच बादलीत खळबळून काढण्याची सवय लागलेली असते. बोअरचे पाणी वापरावे तर ते जड असते, त्यात साबणाला फेस येत नाही, उलट चोथा तयार होतो आणि तो कापडात बसतो. हाच साबण पुढे घामात विरघळून त्वचेला लागतो. ब्रासाठी पावडर कमी घ्यावी, वासाची पावडर आणि कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव टाळावेत, आणि बाकी कपड्यांचे पाणी वाचवावे लागले तरी चालेल पण ब्रा दोन स्वच्छ पाण्यांतून काढावी. शेवटच्या पाण्यात जंतुनाशक घालण्याची काही घरांत पद्धत आहे. नाजूक त्वचेला त्यानेही जळजळ होऊ शकते. ब्लीच तर मुळीच वापरू नये, त्याने इलॅस्टिक कुजते. मशीनमध्ये टाकायची असेल तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत टाकावी. पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे.

वाळवण्याबाबत मला थोडे कडक बोलायचे आहे. गच्चीवर दोरीवर परकर, त्यावर साडी आणि त्या दोन्हींच्या आत लपवलेली ब्रा, हे दृश्य घरोघरी आहे. वरची साडी अर्ध्या तासात कडकडीत वाळते आणि आतली ब्रा दमटच राहते. सकाळच्या घाईत ती तशीच अंगात चढते. दमट कापडात बुरशीला आयतेच घर मिळते. ब्रा उघड्यावर, वाऱ्याला, सावलीत वाळवावी. कडक उन्हात रोज तासन्‌तास टाकल्याने इलॅस्टिक लवकर मरते. घरात संकोच वाटत असेल तर न्हाणीघरात लपवण्यापेक्षा खिडकीजवळ पंख्याखाली दोरी बांधावी. पावसाळ्यात तर पूर्ण वाळल्याची खात्री गालाला लावून करावी. निदान तीन ब्रा आलटूनपालटून वापराव्यात, म्हणजे प्रत्येकीला वाळायला आणि इलॅस्टिकला पूर्ववत व्हायला वेळ मिळतो.

त्वचा आधीच बिघडली असेल तर

काही दिवस घरी असताना ब्रा न घालणे हा पहिला उपाय. तिने आधार दिला नाही म्हणून स्तनांना आजार होत नाही, आणि घातल्याने कर्करोगही होत नाही. दोन्ही भीती निराधार आहेत. अंघोळीनंतर स्तनांखालची घडी टॉवेलने टिपून घ्यावी. आपला सोलापुरी टॉवेल पाणी शोषायला उत्तम, पण त्याच्या फासांनी सोललेली त्वचा रगडू नये. त्यानंतर पंख्याखाली दोन मिनिटे बसून ती जागा पूर्ण सुकवावी आणि बाहेर जाताना घडीत जुन्या मलमलचा किंवा सुती साडीचा हातभर लांब, घडी केलेला तुकडा ठेवावा. दुपारी तो बदलावा. पावडरचा थर घामात भिजून गोळे होतात आणि ते आणखी घासतात, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

औषधाच्या दुकानातून आणलेली, एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे मात्र परस्पर लावू नयेत. पहिले काही दिवस खाज थांबते, पण स्टेरॉइडमुळे गजकर्ण पसरते आणि चिवट होते, शिवाय घडीतली त्वचा पातळ पडते. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. खर्चाची अडचण असेल तर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, त्वचारोगाचा विभाग आहे. नेमकी कशाची ॲलर्जी आहे हे शोधायला डॉक्टर पॅच टेस्ट करतात. त्यात पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या चिकटपट्ट्या ४८ तास लावून ठेवतात आणि नंतर दोनदा तपासतात. पट्ट्या भिजू द्यायच्या नसतात, त्यामुळे घामाच्या दिवसांत त्या टिकत नाहीत. घाई नसेल तर ही तपासणी गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, थंडीत करून घेणे सोयीचे पडते.

एकाच स्तनाग्रावर खपली, पाणी सुटणे किंवा न भरणारी जखम असेल, गाठ लागत असेल, त्वचा आत ओढल्यासारखी दिसत असेल किंवा स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव येत असेल, तर त्याचा ब्राशी संबंध जोडत बसू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

मापाची ब्रा मिळाल्यावर एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगून ठेवते. स्तन योग्य जागी उचलले गेले की जुने कटोरी ब्लाउज बसत नाहीत: टोक वर सरकते, बाही ओढते, आणि दोष नव्या ब्राला दिला जातो. त्यामुळे आधी ब्रा घ्यावी, ती पंधरा दिवस वापरून पाहावी, आणि मग तीच घालून शिंपिणीकडे ब्लाउजचे माप द्यायला जावे. जुन्या ब्लाउजमध्ये बाजूच्या शिवणीत माया ठेवलेली असेल तर ती उसवून दोन-तीन ब्लाउज सहज सुधारता येतात.